ग्राफिक्स कार्ड बदललंय का कुणी? काय घेतलं, काय फसलं, सांगा

रामबाग, इंदूर

मंडळी, माझा पीसी २०१८ चा आहे, आय-फाइव्ह ८४०० प्रोसेसर, १६ जीबी रॅम आणि जीटीएक्स १०५० टीआय. कार्डाने खूप साथ दिली पण आता नवे गेम नुसते स्लो चालतात असं नाही, काही तर सुरूच होत नाहीत. डूमचा २०२५ मधला जो आला त्याला रे ट्रेसिंगवालं (म्हणजे प्रकाश-सावल्या खऱ्यासारख्या काढणारं) कार्ड लागतंच, माझ्या कार्डाच्या १० सिरीजमध्ये ते नाहीच. बजेट पंचवीस हजार, ओढूनताणून अठ्ठावीस. मॉनिटर १०८०पी. व्हिडिओत जे एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम) दाखवतात ते सगळे नव्या भारी प्रोसेसरवरचे असतात, म्हणून मला आपल्या लोकांकडून ऐकायचंय, जुन्या पीसीत नवं कार्ड घातल्यावर खरंच काय झालं. लांब लिहिलंत तरी चालेल, मी सगळं वाचणार आहे.

तिलक नगर, इंदूर

दादा, तुझा मदरबोर्ड आणि माझा बोर्ड एकाच पिढीचा, म्हणून माझी चूक आधी सांगतो. २०२२ मध्ये आरएक्स ६५०० एक्सटी घेतलं. नवीन, सीलबंद, बजेटमध्ये, आणि दुकानदार म्हणाला "भिया, आँख बंद करके ले जाओ". घरी लावलं तर गेम चालतो पण कॅमेरा फिरवला की झटका, फिरवला की झटका. महिनाभर मी ड्रायव्हर काढतोय, घालतोय, विंडोज नवीन टाकतोय. मग कळलं की त्या कार्डाला पीसीआयईच्या, म्हणजे कार्ड आणि बोर्डमधल्या रस्त्याच्या, चारच लेन आहेत. बोर्ड नव्या पीसीआयई ४.० चा असेल तर निभतं, आपला जुन्या ३.० चा, म्हणजे आधीच अरुंद गल्ली, ती पण निम्मी. आणि मेमरी फक्त ४ जीबी, ती भरली की सगळा माल त्याच गल्लीतून रॅममध्ये ये-जा करतो. रात्री दहाला सराफ्यातल्या खाऊगल्लीत कार घालून बघ, तसं.

वर मी गेम रेकॉर्ड करायचो, तर त्या कार्डात व्हिडिओ एन्कोडरच (रेकॉर्डिंगचं काम करणारा भाग) दिलेला नाही, सगळा भार प्रोसेसरवर. सहा महिन्यांत तोट्यात विकलं आणि आरएक्स ६६०० घेतलं. ८ जीबी, लेन आठ, वीज १३२ वॅट, एकच ८ पिनची वायर. त्याच बोर्डावर आजतागायत मस्त चालू आहे. फक्त रे ट्रेसिंग हाय करून खेळायचं स्वप्न यात नको, ते कार्ड तेवढ्यासाठी नाही. बाकी १०८०पी ला मला काही कमी पडलेलं नाही.

सुदामा नगर, इंदूर

माझा अनुभव कार्डाचा कमी आणि एसएमपीएसचा, म्हणजे पीसीला वीज देणाऱ्या डब्याचा, जास्त आहे.

सेकंडहँड आरटीएक्स ३०६० घेतलं, १७० वॅटचं. एसएमपीएस तोच, कॅबिनेटबरोबर आलेला, वर मोठ्या अक्षरात ४५० लिहिलेलं. मला वाटलं १७० आणि प्रोसेसरचे ६५, भरपूर झाले. गेम सुरू केला की वीस-पंचवीस मिनिटांनी स्क्रीन काळी आणि पीसी आपोआप रीस्टार्ट. ज्याच्याकडून घेतलं त्याला मी काय काय बोललो, तो बिचारा दोनदा घरी येऊन कार्ड घेऊन गेला, त्याच्याकडे तासन्‌तास नीट चालायचं. शेवटी आमच्या गल्लीतले काका, जे पूर्वी टीव्ही दुरुस्त करायचे, त्यांनी कॅबिनेट उघडायला लावलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि एसएमपीएसच्या कडेचं लेबल बॅटरी मारून वाचलं. म्हणाले, बाळा, १२ व्होल्टसमोर १६ अँपिअर लिहिलंय, म्हणजे बारा सोळे एकशे ब्याण्णव वॅट, कार्ड आणि प्रोसेसर दोन्ही त्याच्यावरच जगतात, बाकीचा आकडा ५ आणि ३.३ व्होल्टचा मिळून आहे, तो तुझ्या काय कामाचा? मग कार्डाला वीज देणारी कन्व्हर्टरवाली वायर काढली तर प्लास्टिकचं टोक तपकिरी झालेलं आणि जळका वास. थोडक्यात वाचलं सगळं.

चांगला ५५० वॅटचा ब्रॉन्झ रेटिंगवाला एसएमपीएस घेतला आणि त्या दिवसापासून एकदाही बंद पडला नाही. कार्डवाल्याची मी जाऊन माफी मागितली. तर दादा, बॉक्सवरचा मोठा आकडा बघू नकोस, लेबलवरची १२ व्होल्टची ओळ वाच.

दांडिया बाजार, वडोदरा

मी गेम खेळते पण घर चालतं व्हिडिओ एडिटिंग आणि ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरवर, त्यामुळे माझा हिशोब थोडा वेगळा होता. आरटीएक्स ४०६० ८ जीबी की ३०६० १२ जीबी यात मी तीन आठवडे अडकले होते. ४०६० नवीन, वेगवान, ११५ वॅटमध्ये भागणारं, सगळे म्हणत होते तेच घे. पण माझे सीन मोठे असतात आणि मेमरी संपली की रेंडर एकतर रडतखडत चालतं नाहीतर एरर देऊन थांबतं, तेव्हा वेग काय कामाचा. १२ जीबीवालं घेतलं, पश्चात्ताप नाही. तुम्ही फक्त खेळणार असाल तर ४०६० बरं.

एक मात्र सांभाळा, ३०६० चं ८ जीबीवालं पण निघालं होतं, नाव तेच, पण मेमरी बस, म्हणजे मेमरीशी ये-जा करायचा रस्ता, १९२ वरून १२८ बिट. स्वस्त दिसलं म्हणून मी जवळजवळ पैसे देणारच होते.

लोकमान्य नगर, इंदूर

सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या डिजिटल चलनाचं मायनिंग, ज्याला ही कार्डं लागायची, ते बंद झालं आणि जुन्या कार्डांचा बाजारात नुसता पूर आला, तेव्हा मी आरएक्स ५८० ८ जीबी उचललं. दिसायला चकचकीत. घरी जीपीयू-झेड (कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) लावलं तर शेडर, म्हणजे कार्डातली हिशोब करणारी युनिट्स, २०४८, खऱ्या ५८० चे २३०४ असतात. म्हणजे ते कमी ताकदीचं वेगळं मॉडेल होतं. तापमान लगेच नव्वदीला. उघडलं तर चिपची उष्णता बाहेर नेणारी थर्मल पेस्ट सुकून खडूसारखी, नखाने पापुद्रे निघत होते. पेस्ट आणि पॅड बदलले, पंखा एक बदलला, आता धाकट्या भावाच्या पीसीत चालू आहे.

सेकंडहँड घ्यायचंच तर विकणाऱ्याच्या घरी जा, तिथेच जीपीयू-झेड बघ, वीस मिनिटं फरमार्क (कार्डावर पूर्ण भार टाकणारी टेस्ट) चालव, पंख्याचा आवाज कान लावून ऐक. दाखवायला नाही म्हणाला तर उठून ये.

लष्कर, ग्वाल्हेर

आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसला जातो आणि लाइट जाते, या दोन गोष्टी धरूनच कार्ड घ्यावं लागतं. माझा यूपीएस ६०० व्हीएचा, म्हणजे साधारण ३६० वॅट. मोठं कार्ड घातलं तर लाइट गेल्याबरोबर टूं करून सगळंच बंद, सेव्ह करायलाही वेळ नाही. म्हणून मी ४०६० घेतलं. तरी पहिल्या उन्हाळ्यात ८० च्या वर जायचं कारण कॅबिनेटला समोर पूर्ण काच, हवा शिरायला जागाच नाही. जाळीवालं कॅबिनेट घेतलं, कार्ड थोडं अंडरव्होल्ट केलं (चिपचं व्होल्टेज कमी केलं), सात-आठ डिग्री उतरले. लू चालते तेव्हा धूळ खूप बसते, दर महिन्याला ब्लोअर मारतो. तुमच्याकडे माळव्यात रात्री तरी गार असतात.

इंदूर, छप्पन दुकानजवळ

इंटेलचं बी५८० कुणी सुचवेल, १२ जीबी बघून मी पण भुललो होतो. माझा प्रोसेसर ९ व्या पिढीचा, इंटेल स्वतः १० व्या पिढीपासून पुढचे सांगतं, कारण त्या कार्डाला रिसायझेबल बार, म्हणजे प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय, लागतो. मित्राचं आणून लावून बघितलं, जुन्या प्रोसेसरवर खूप अडखळतं. ८४०० वर नको घेऊस.

नारायण बाग, इंदूर

मी स्वतः खेळत नाही, मुलासाठी घेतलं. कार्ड लावून दिलं, दोन दिवस मुलगा म्हणतोय बाबा काहीच फरक नाही, आणि त्याचं तोंड बघवत नव्हतं. भाचा आला, मागे वाकून बघितलं, एचडीएमआयची वायर बोर्डालाच लावलेली होती, ती काढून कार्डाला लावली आणि झालं. कुणाच्या घरात असं असेल तर आधी एवढं तपासा.

रामबाग, इंदूर

सगळ्यांचे मनापासून आभार, खास करून सुदामा नगरवाल्या दादांचे. आत्ता कॅबिनेट उघडून बसलोय. माझ्या एसएमपीएसवर १२ व्होल्टसमोर १८ अँपिअर आहे, म्हणजे २१६. १०५० टीआयला ७५ वॅट लागायचे, वेगळी वायरही नव्हती, म्हणून इतकी वर्षं कळलंच नाही. कार्डाची जागा पण मोजली, हार्ड डिस्कच्या पिंजऱ्यापर्यंत २६ सेंटीमीटर, म्हणजे तीन पंख्यांवालं बसणार नाही.

तर शनिवारी सिल्व्हर मॉलला जाऊन आधी ५५० वॅटचा एसएमपीएस, आणि दोन पंख्यांवालं ६६०० बजेटमध्ये मिळालं तर तेही. तिलक नगरवाले दादा, तुमच्या कार्डाची लांबी जरा पट्टीने मोजून सांगाल का?