मदत हवी आहे: केगन यांचा युरोप नेमका कोणता?
मंडळी, वाचनकट्ट्यावर मला अमेरिकन परराष्ट्र धोरणाचे अभ्यासक रॉबर्ट केगन यांच्यावर बोलायचंय. अमेरिकन मंगळावरचे (म्हणजे लढाऊ), युरोपीय शुक्रावरचे (म्हणजे शांतताप्रिय), असं त्यांनी २००२ च्या निबंधात लिहिलं. युरोप कायद्याची, वाटाघाटींची भाषा करतो कारण हाताशी लष्करी बळ नाही, आणि डोक्यावर छत्री अमेरिकेची, असा एकूण सूर. इराक युद्धाच्या तोंडावर हे भलतंच गाजलं. पण फ्रान्स-जर्मनी विरोधात असले तरी ब्रिटन, पोलंड त्या युद्धात अमेरिकेसोबत होतेच की! माझ्या मते इथेच पाणी मुरतंय.

२०२५ मध्ये हेगला नाटो देशांनी २०३५ पर्यंत संरक्षण-सुरक्षेवर जीडीपीच्या ५ टक्के खर्चाचं कबूल केलं (स्पेन कुरकुरला, ते सोडा). मग ही मांडणी आज टिकते का? फ्रेंच किंवा जर्मन बाजूचा सणसणीत प्रतिवाद कुणी वाचलाय? इंग्रजीतला असला तरी चालेल.