५ लाखांत मुलीसाठी जुनी फोक्सवॅगन पोलो: १.२ पेट्रोल, टीडीआय की जीटी?

गोदाकाठ:
मुलगी १९ वर्षांची, लायसन्स काढून आठ महिने झालेत. नाशिकमध्ये कॉलेजला येऊन-जाऊन २२ किमी आणि महिन्यातून एकदा संगमनेरमार्गे पुणे, म्हणजे महिन्याला हजारेक किमी. बजेट सगळं धरून ५ लाख. बॉडी दणकट हवी आणि एअरबॅग हव्यातच, म्हणून जर्मन गाडीकडे कल आहे. सध्या पाहण्यातल्या चार:

१) पोलो १.२ एमपीआय (बिनटर्बो) पेट्रोल, २०१५, ५८,००० किमी, एमएच-१५, पहिला मालक
२) पोलो १.५ टीडीआय (डिझेल), २०१६, ९४,००० किमी, एमएच-१२, दुसरा मालक
३) पोलो जीटी टीएसआय (टर्बो पेट्रोल), २०१४, ७१,००० किमी, दिल्ली पासिंग
४) स्कोडा रॅपिड १.६ पेट्रोल, २०१३, ८२,००० किमी

मेहुणे म्हणतात, एवढ्याच पैशात थोडी भर घालून २०११ची ऑडी ए४ येते, पोलो कशाला? कोणती घ्यावी, आणि बघायला गेल्यावर नेमकं काय बघावं?

---

पाना_तेरा:
ऑडीचं आधी उरकून टाकू. गाडीची किंमत उतरते, तिच्या पार्टांची उतरत नाही. त्या काळातली पेट्रोल इंजिनं पिस्टन रिंगांमुळे ऑइल पितात, आणि एक हेडलाइट फुटला तरी पोलोच्या चार टायरांएवढं बिल होतं. मेहुणे पार्टांचे पैसे भरणार असतील तर जरूर घ्या.

आता तुमच्या चार.

जीटी टीएसआय चालवायला चारांत सगळ्यात मजेदार आहे. १.२ टर्बो, १०५ पीएस ताकद, वर ईएसपी (गाडी घसरू न देणारी यंत्रणा). पण तिचा सात स्पीड डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक) गिअरबॉक्स कोरड्या क्लचचा आहे. दोन्ही क्लचना ऑइलचा थंडावा नसतो. सिग्नलला ब्रेक अर्धवट सोडून गाडी इंचाइंचाने सरकवत राहिलं की क्लच तापतात आणि झिजतात, मग पहिल्या-दुसऱ्यात थरथर सुरू होते. त्याहून मोठं दुखणं मेकॅट्रॉनिकचं. पंप, व्हॉल्व्ह आणि कंट्रोलर एकाच युनिटमध्ये आहेत. त्याच्या घरात प्रेशर साठवणाऱ्या भागाला तडा गेला की प्रेशर उडतं, मीटरवर गिअरचं अक्षर लुकलुकतं आणि गाडी आहे तिथे उभी राहते. ते युनिट बदलायचं तर लाखाच्या पुढचा आकडा. नवीन ड्रायव्हर, त्यात शहरातली ट्रॅफिक आणि दहा वर्षांपेक्षा जुना डीएसजी. ही सोडा. दिल्ली पासिंगची कटकट वेगळीच.

१.५ टीडीआय हे इंजिन उत्तम, ९० पीएस आणि २३० एनएम टॉर्क (ओढण्याचा जोर). पण तुमच्या रनिंगला ते चुकीचं आहे. कॉलेजचा एका बाजूचा प्रवास ११ किमी, तेवढ्यात डिझेल धड तापतही नाही. धूर पुन्हा इंजिनात सोडणाऱ्या ईजीआर व्हॉल्व्हमध्ये काजळी बसते, मग पिकअप मरतो. शिवाय ९४,००० म्हणजे नेमका खर्चाचा उंबरठा. टायमिंग बेल्ट (पिस्टन आणि व्हॉल्व्ह तालात ठेवणारा पट्टा), तो ताणून धरणारा टेन्शनर आणि वॉटर पंप एकत्र बदललेत का? बिल नसेल तर बदललेले नाहीत असंच धरा. हा बेल्ट तुटला तर पिस्टन व्हॉल्व्हवर आपटतात आणि पूर्ण हेड उतरतं. क्लचच्या वेळी ड्युअल मास फ्लायव्हीलही (इंजिन-क्लचमधलं धक्के शोषणारं जड चाक) बघावं लागतं. न्यूट्रलमध्ये इंजिन बंद करताना खालून 'खडखड' आली तर ते गेलंय. महिन्याला दोन हजार किमी असतं तर मीच हिला पहिला नंबर दिला असता.

रॅपिड १.६ साधी, टिकाऊ, १०५ पीएस. पण २०१३ची आहे, म्हणजे २०२८ मध्ये १५ वर्षं भरतात. मग फिटनेस, पुन्हा नोंदणी, पर्यावरण कर. आणि लांबी ४.४ मीटरच्या आसपास, नवशिक्याला पार्किंगला जड.

उरली १.२ एमपीआय. आळशी गाडी आहे हे आधीच सांगतो. तीन सिलिंडर, ७५ पीएस, ११० एनएम आणि तोही ३,७५० आरपीएमला. एसी लावून चौघं बसली की चंदनापुरी घाटात तिसऱ्यात रडते, मुकाट दुसरा टाकायचा. पण लायसन्सला आठ महिने झालेल्या मुलीला याच स्वभावाची गाडी द्यावी. गिअरबॉक्स साधा पाच स्पीड, टर्बो नाही, आणि टायमिंगला बेल्टऐवजी चेन. नाशिकमधली, पहिल्या मालकाची. तपासणीत पास झाली तर हीच.

---

लालबत्ती:
वरच्याशी सहमत, पण 'जर्मन म्हणजे दणकट' एवढ्यावर थांबू नका. जानेवारी २०१४ मध्ये गाड्यांच्या धडक चाचण्या घेणाऱ्या ग्लोबल एनकॅपने भारतातली पोलो आपटली तेव्हा बिनएअरबॅगच्या गाडीला शून्य स्टार मिळाले होते. सांगाडा टिकला, पण आतल्या माणसाला अडवायला एअरबॅग नव्हती. तीच गाडी दोन एअरबॅग लावून आपटली तर मोठ्यांसाठी चार स्टार. त्यानंतर कंपनीने बिनएअरबॅगची पोलो विकणं बंद केलं. म्हणून २०१४च्या आधीची स्वस्तात मिळाली तरी व्हेरियंट न बघता घेऊ नका. आणि ही चाचणी फक्त समोरच्या धडकेची होती, बाजूच्या धडकेची नाही, हेही लक्षात असू द्या.

एबीएस (जोरात ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणारं) त्या काळात व्हेरियंटनुसार होतं. विकणाऱ्याला विचारण्यापेक्षा इग्निशन ऑन करा, इंजिन चालू करू नका. एअरबॅगचा आणि एबीएसचा दिवा पेटायला हवा आणि काही सेकंदांत विझायला हवा. पेटलाच नाही तर एक तर ती गोष्ट गाडीत नाही, नाहीतर कोणीतरी दिव्याचं तोंड बंद केलंय. एअरबॅगचा दिवा पेटून राहिला आणि हॉर्न अधूनमधून वाजत नसेल, तर बहुतेक स्टिअरिंगमागची क्लॉक स्प्रिंग (एअरबॅग आणि हॉर्नची गुंडाळलेली वायर) तुटलेली असते. दुरुस्त होतं, पण भाव पाडून घ्या.

चारही सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा. अपघातात एअरबॅग फुटलेली गाडी असेल तर पुढचा बेल्ट अडकतो किंवा नवाकोरा दिसतो. बाकीचे मळलेले आणि एकच कोरा, तर प्रश्न विचारा. डॅशबोर्डवरचं एअरबॅगचं झाकण बोटाने चाचपा. प्लास्टिकचा रंग आणि पोत शेजारच्या भागाशी जुळला पाहिजे.

---

मायक्रॉन:
बघायला जाताना विकणाऱ्याला एकच गोष्ट आधी सांगायची: 'आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका.' पोचल्यावर पहिल्यांदा बॉनेटला हात लावायचा. गरम लागलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी परत जायचं.

का, ते सांगतो. १.२ एमपीआयची चेन ताणली गेली असेल तर रात्रभर थंड झालेलं इंजिन सुरू करताना पहिले दोन-तीन सेकंद पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज येतो. ऑइलचं प्रेशर चढलं की टेन्शनर चेन ताणतो आणि आवाज गायब. गरम गाडीत तो ऐकूच येणार नाही. ऑइल कमी ठेवून पळवलेल्या गाड्यांमध्ये हे हमखास, म्हणून स्टार्ट करण्याआधी डिपस्टिकही काढा.

कूलंटची टाकी बघा. फोक्सवॅगनचं कूलंट गुलाबी-जांभळं असतं. आत साधं पाणी किंवा गढूळ तांबूस काही दिसलं तर कोणीतरी गळती लपवत दिवस काढलेत.

मग इग्निशन कॉइल, म्हणजे स्पार्क प्लगला ठिणगीसाठी वीज देणारी. तीन सिलिंडरपैकी एक कॉइल गेली की गाडी रिक्षासारखी हलते आणि चेक इंजिनचा दिवा लुकलुकतो. लुकलुकणारा दिवा म्हणजे मिसफायर, सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न पेटणं. न जळलेलं पेट्रोल धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो जाळतं, त्यामुळे 'गॅरेजपर्यंत जाऊ दे' म्हणत दहा किमी चालवायची नाही. हे मुलीलाही सांगून ठेवा.

पेंट मीटर भाड्याने किंवा ओळखीच्या डेंटरकडून घ्या. कंपनीचा रंग साधारण ९० ते १५० मायक्रॉन. २५० च्या पुढे म्हणजे पुन्हा रंगवलीय. बंपर किंवा एखादा दरवाजा रंगवलेला असणं नाशिक-पुण्यात काही विशेष नाही. पण छत, दरवाजांमधले खांब आणि बॉनेट उघडल्यावर दिसणारे पुढचे सांगाड्याचे पट्टे रंगवलेले असतील तर तिथूनच मागे फिरा.

आणि स्कॅन. फोक्सवॅगनचं काम करणाऱ्या कुठल्याही बऱ्या गॅरेजकडे व्हीसीडीएस किंवा ओबीडीइलेव्हन (गाडीतले कॉम्प्युटर वाचणारं साधन) असतं. फक्त इंजिन नाही, एअरबॅग, एबीएस अशी सगळी मॉड्यूल स्कॅन करायला सांगा. फॉल्ट कोडसोबत तो किती किलोमीटरला आला तेही बऱ्याचदा साठवलेलं असतं. मीटर दाखवतो ५८,००० आणि जुना कोड म्हणतो ७९,०००, तर मीटर फिरवलाय. पुढे बोलायचं कारण नाही. टायरवरचा चार आकडी कोडही वाचा. '१४२१' म्हणजे २०२१ सालचा चौदावा आठवडा.

टेस्ट ड्राइव्हला खराब रस्ता निवडा. २० च्या वेगात खड्ड्यांतून 'टकटक' आली तर सस्पेन्शनमधले लिंक रॉड किंवा लोअर आर्मचे रबरी बुश. हा किरकोळ खर्च आहे, आपल्या रस्त्यांवर पोलोत हे होतंच. चारही खिडक्या दोनदा वर-खाली करा, काच मध्येच तिरकी झाली तर रेग्युलेटर.

---

गोदाकाठ:
सगळ्यांचे आभार. मग १.२ वर येतोय. अजून दोन शंका: गाडी मुलीच्या नावावर घ्यावी की माझ्या? तरुण ड्रायव्हर म्हणून इन्शुरन्स महाग पडतो का?

---

टीटीओ_फॉर्म:
परदेशातले लोक वयावरून प्रीमियम वाढतो म्हणतात, ते आपल्याकडे लागू नाही. इथे थर्ड पार्टीचा दर सीसीवर ठरतो. जून २०२२ पासूनच्या दरपत्रकात १,००० सीसीपर्यंत २,०९४ रुपये, १,५०० पर्यंत ३,४१६ आणि त्यावर ७,८९७. पोलो १.२ आणि १.५ टीडीआय दोन्ही मधल्या गटात. रॅपिडचं इंजिन १,५९८ सीसी, म्हणजे ९८ सीसीसाठी दुपटीहून जास्त.

नाव कोणाचंही ठेवा, पण एक फट आहे. पॉलिसीत १५ लाखांचं जे वैयक्तिक अपघात संरक्षण असतं ते मालक-चालकाचं. गाडी तुमच्या नावावर आणि चालवते मुलगी, तर तिला ते मिळत नाही. तिचा वेगळा वैयक्तिक अपघात विमा काढा किंवा गाडीच तिच्या नावावर करा.

विकणाऱ्याचा नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याची प्रीमियममधली सूट) तुमच्याकडे येत नाही, तो त्याचाच राहतो. व्यवहारानंतर १४ दिवसांत विमा कंपनीकडे नावबदलाचा अर्ज द्या. बोनसच्या फरकाची रक्कम भरावी लागेल ती हिशोबात धरा. दहा वर्षांपुढच्या गाडीच्या क्लेममध्ये लोखंडी पार्टांवर ५० टक्के घसारा कापतात, प्लास्टिकवर तर गाडीचं वय काहीही असो, ५० टक्केच. आणि एवढ्या जुन्या गाडीला झिरो डेप (घसारा न कापणारं कव्हर) बहुतेक कंपन्या देत नाहीत. म्हणजे बंपर फुटला की निम्मा तुमचा.

आरटीओसाठी फॉर्म २९ आणि ३०, कर्ज असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी. पैसे द्यायच्या आधी थकीत ई-चलान, बोजा आणि पीयूसी तपासा. दंड बाकी असला की फाइल अडकते. एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबरप्लेट बसवलेली असावी, २०१५च्या गाडीला ती लागतेच. दिल्लीच्या गाडीला याखेरीज फॉर्म २८ ची एनओसी आणि इथला एकरकमी रोड टॅक्स, वयाची सूट वजा करून. जीटी स्वस्त दिसतेय ती त्यामुळेच.

---

एक_लिटर:
थोडा विरोधी सूर. महिनाभर थांबायची तयारी असेल तर २०१८-१९ची पोलो १.० एमपीआय शोधा. टॉर्क १.२ पेक्षाही कमी, ९५ एनएम, पण इंजिन नव्या पिढीचं, मायलेज बरं आणि ९९९ सीसी असल्याने वरच्या दरपत्रकात सगळ्यात खालचा गट. ही बेल्टवाली आहे, चेन नाही, हे विसरू नका. २०२० नंतरची १.० टीएसआय मॅन्युअल सगळ्यांत छान, ११० पीएस, पण ५ लाखांत हात पोचणार नाही. आणि खरं सांगायचं तर पहिल्या वर्षाला एवढा जोर हवाच कशाला?

---

पाना_तेरा:
१.० चांगलीच, पण समोर असलेली स्वच्छ १.२ सोडून तिच्या मागे धावू नका.

१.२ घेतलीत तर ५ लाखांतले ५० हजार बाजूला ठेवूनच बोलणी करा. पहिल्या आठवड्यात करायचं: ऑइल ५डब्ल्यू-४०, डब्यावर 'व्हीडब्ल्यू ५०२ ००' हे स्पेसिफिकेशन लिहिलेलं हवं. तीन लिटरच्या आसपास लागतं, डिपस्टिक बघून भरा. ऑइल, एअर आणि एसी असे तिन्ही फिल्टर. तीन स्पार्क प्लग. एक कॉइल जादा घेऊन डिकीत ठेवा. ब्रेक ऑइल डॉट ४, दर दोन वर्षांनी. टायर सहा वर्षांपुढचे असतील तर नक्षी कितीही शिल्लक असो, चारही बदला. कंपनी सर्व्हिस १५,००० किमी किंवा वर्षाला सांगते, शहरातल्या छोट्या फेऱ्यांना मी १०,००० ला ऑइल बदलायला सांगेन.

मुलगी मारुतीवर शिकली असेल तर पहिल्या दिवशी मोकळ्या मैदानात न्या. पोलोचा इंडिकेटर डाव्या हाताला आणि वायपर उजव्या, त्यामुळे आठवडाभर प्रत्येक वळणावर वायपर फिरणार. रिव्हर्स पहिल्याच्या शेजारी आहे, नॉब खाली दाबून डावीकडे आणि पुढे. न दाबता ढकललं तर पहिला पडतो आणि गाडी मागे जायच्या ऐवजी भिंतीकडे निघते. चाक बदलायलाही एकदा लावा: हिला नट नसतात, बोल्ट असतात. चाक हातात तोलून भोक जुळवत पहिला बोल्ट घालावा लागतो. वरचा बोल्ट आधी, म्हणजे चाक लोंबकळतं आणि बाकीचे चार आपोआप जुळतात. हवा किती भरायची तो स्टिकर पेट्रोलच्या झाकणाच्या आत आहे.