शिकारी पक्षी आणि कबुतरं : तुम्ही काय पाहिलंत?

गेल्या एप्रिलात सकाळी गॅलरीत धपकन आवाज झाला. कुंड्यांच्या मधे शिक्रा या छोट्या शिकारी पक्ष्याची मादी, आणि तिच्या पंजांखाली पारवा. तो तिच्याहून जड. तिला उचलता येईना, सोडवतही नव्हतं. मी जोरात टाळ्या वाजवल्या, ती उडाली. पारव्याच्या जखमेवर हळद लावली, खोक्यात ठेवलं. दुपारी चारला तो मेला. ती मात्र समोरच्या गुलमोहरावर कितीतरी वेळ बसून होती. मागच्या आंब्यावर तिची पिल्लं आहेत, हे मला ठाऊक होतं. मी नेमकं कुणाला वाचवलं? हा सल अजून जात नाही, म्हणून हा धागा. तुमचं पाहिलेलंही लिहा.
— ठाणे

आमची कबुतरांची ढाबळ आजोबांपासूनची. थंडीत बहिरी ससाणा येतो. तो दिसला की वर उडणारा थवा मुठीसारखा आवळतो आणि गरागरा वळतो. त्यातून बाजूला पडलं त्याच्यावरच झडप. वडील बहिरीला शिव्या देत, मीही द्यायचो. मग एका हिवाळ्यात वहीत खुणा करत गेलो. अकरा झडपा, गेली दोन कबुतरं. एक आजारातून नुकतंच उठलेलं, दुसरं नवं, थव्याशी न जुळलेलं. दोन्ही मीच घाईने उडवली होती. नऊ वेळा तो रिकाम्या पंजांनी परतला, हे त्याआधी मी कधी पाहिलंच नव्हतं.
— मिरज

मिरजकर, ब्रिटनमध्येही कबुतरवाल्यांची हीच तक्रार होती. दुसऱ्या महायुद्धात निरोप्या कबुतरांसाठी सरकारनेच इथले बहिरी मारवले होते. पुढे १९६०च्या सुमारास कबुतरवाले म्हणू लागले, बहिरी फार माजलेत, बंदोबस्त करा. म्हणून मोजणी झाली, तर उलटंच निघालं: बहिरी झपाट्याने संपत चालले होते. कीटकनाशक लावलेलं बियाणं पाखरं खात, पाखरं बहिरी खाई. काही बहिरी विषाने मेले. डीडीटी या कीटकनाशकामुळे अंड्यांची कवचं इतकी पातळ झाली की उबवतानाच फुटत. ती तक्रार झाली नसती तर हे कळायला आणखी किती वर्षं गेली असती! आता इथल्या टेट मॉडर्न कलादालनाच्या धुराड्यावर बसलेला बहिरी मी स्वतः पाहिलाय. खाली नदीकाठी माणसं दुर्बीण लावून उभी होती.
— लंडन

आमचा टॉवर खाडीलगत. थंडीत गच्चीवर कबुतराचे दोन पंख सापडतात, छातीच्या हाडाला जोडलेले, मधलं मांस साफ. ही बहिरीची खूण. सूर मारताना त्याचा वेग ताशी ३०० किलोमीटरच्या वर जातो. चोचीच्या कडेला दातासारखं टोक असतं, त्याने तो मान मोडतो. सोसायटीत ‘घाण’ म्हणून फटाके लावून हाकलायचं ठरत होतं. मी मीटिंगमध्ये हात जोडले. आता वॉचमनकाका झाडताना पंख बाजूला ठेवतात आणि माझी मुलगी तारीख लिहून घेते. या हिवाळ्यात सात जोड्या झाल्या.
— नवी मुंबई