विनसॉक सुरूच होत नाही तेव्हा : अनुभव धागा

विनसॉक म्हणजे प्रोग्रामना नेटवर्क वापरू देणारी विंडोजची लायब्ररी. एका विंडोजवर नीट चालणारा प्रोग्राम दुसऱ्या आवृत्तीवर नेटवर्क उघडायच्या आतच पडतो. काय तपासलं आणि कशानं सुटलं, एरर नंबरासकट लिहा.

—

डब्ल्यूएसएस्टार्टअप (विनसॉक सुरू करणारं फंक्शन) जे परत देतं तोच एरर कोड. त्यासाठी डब्ल्यूएसएगेटलास्टएररकडे (शेवटची चूक सांगणारं फंक्शन) जाऊ नका, लायब्ररी चढलेलीच नसते. १००९१ : खालची नेटवर्क यंत्रणा तयार नाही. १००९२ : मागितलेली आवृत्ती मिळत नाही. १००९३ पुढच्या कॉलला येतो. स्टार्टअप राहिलं असेल, नाहीतर क्लीनअप (विनसॉक बंद करणारा कॉल) एकदा जास्त झालं असेल.

—

स्टार्टअपकडून शून्य (म्हणजे यश) आलं तरी मिळालेली आवृत्ती बघाच. २.२ मागितली तरी जुनी डीएलएल (लायब्ररीची फाइल) स्वतःची १.१ पुढे करून यश कळवते. विंडोज ९५ सोबत १.१च यायची.

—

एक्सपीवर ‘प्रोसीजर एन्ट्री पॉइंट’ची खिडकी आली तर स्टार्टअपचा कोड कितीही चाळा, काही सापडणार नाही. प्रोग्राम तिथवर पोचलेलाच नसतो, लोडरनंच (प्रोग्राम मेमरीत चढवणारा विंडोजचा भाग) अडवलेलं असतं. खिडकीत फंक्शनचं नाव असतं, ते वाचा. बहुधा आयनेट-पीटॉन (मजकुरातला आयपी पत्ता आकड्यांत बदलणारं) किंवा डब्ल्यूएसएपोल (अनेक सॉकेटांवर, म्हणजे नेटवर्क जोडण्यांच्या टोकांवर, लक्ष ठेवणारं) निघतं; दोन्ही व्हिस्टापासूनची. पहिल्याऐवजी गेटअ‍ॅड्रइन्फो, दुसऱ्याऐवजी सिलेक्ट वापरा. बिल्ड करताना टार्गेट आवृत्ती एक्सपीची ठेवलीत, तर ही चूक कंपायलरच दाखवतो, ग्राहकाच्या मशीनपर्यंत जात नाही.

—

१०१०६ बद्दल कुणी लिहिलं नाही, आणि सगळ्यात जास्त वेळ तोच खातो. स्टार्टअप व्यवस्थित होतं, पहिलं सॉकेट उघडताना पडतं. हातानं चालवलं तर चालतं, दुसऱ्या प्रोग्राममधून सुरू केलं की नाही. कारण असं : विनसॉकच्या कॅटलॉगमध्ये (नोंदवहीत) प्रोव्हायडर डीएलएलचा, म्हणजे नेटवर्कचं प्रत्यक्ष काम करणाऱ्या फाइलचा, पत्ता ‘%सिस्टिमरूट%’ (विंडोजचा फोल्डर) धरून लिहिलेला असतो. चाइल्ड प्रोसेसला (दुसऱ्या प्रोग्रामनं सुरू केलेल्या प्रोग्रामला) स्वतः बनवलेलं एन्व्हायर्नमेंट (सेटिंगच्या व्हेरिएबलांचा संच) दिलं आणि त्यात सिस्टिमरूट राहून गेलं, की तो पत्ता उलगडत नाही. तेवढं एक व्हेरिएबल पुढे पाठवा.

—

वरच्या प्रकारात ‘नेटश विनसॉक रीसेट’चा (विनसॉकचा कॅटलॉग मूळ स्थितीत आणणारी कमांड) काही उपयोग नाही. ते कॅटलॉग बिघडला असेल तेव्हाचं औषध : अ‍ॅडमिन प्रॉम्प्ट, कमांड, रीस्टार्ट. एक्सपीवर सर्व्हिस पॅक २ हवा. त्याआधी ‘नेटश विनसॉक शो कॅटलॉग’चं आउटपुट फाइलमध्ये ठेवा. जुन्या व्हीपीएन, अँटिव्हायरसनं घातलेल्या नोंदी रीसेटनं उडतात. काय पुन्हा इन्स्टॉल करायचं ते त्या फाइलवरूनच कळतं.