वडावरची मोठी वाघळं: जायगँटियस की मीडियस?

देवगडकर:
आमच्या राईत जुना वड आहे, त्यावर मोठ्ठी वाघळं लटकतात, आजोबांच्या लहानपणापासून आहेत. मुलीच्या प्रोजेक्टसाठी शोधत होतो तर जुन्या पुस्तकात नाव टेरोपस जायगँटियस आणि नेटवर टेरोपस मीडियस. दोन वेगळ्या जाती आहेत का? आणि माळ्यावरच्या पाकोळ्या (छोटी वटवाघळं) म्हणजे यांचीच पिल्लं असं आई म्हणते, खरं काय? भाऊ बोटीवर असतो, तो म्हणतो मालदीवला पण अशीच बघितली.

रानवाट:
दादा, प्राणी एकच, नाव बदललं. जायगँटियस हे 1782 चं नाव, पण 2012 मध्ये एका संशोधकाने दाखवलं की ते मुळात मलेशिया-इंडोनेशियाकडच्या वॅम्पायरस या जातीलाच लागू पडतं, म्हणून आपल्याकडच्याला टेमिंक या डच प्राणिशास्त्रज्ञाने 1825 मध्ये दिलेलं मीडियस हे नाव आलं. काहीजण अजून जुनंच लिहितात, प्रोजेक्टमध्ये दोन्ही लिहा.
पाकोळ्या पूर्ण वेगळ्या, त्या किडे खातात आणि आवाजाच्या प्रतिध्वनीवर उडतात. वाघूळ फळं खातं, डोळ्यांनी बघतं आणि वासावर जातं, शेपूट नाही, अंगठ्याशिवाय दुसऱ्या बोटालाही नखी असते. त्याचं खरं पिल्लू आईच्या छातीला चिकटलेलं असतं, उन्हाळ्यात वडाखाली उभं राहून दुर्बिणीने बघा, दिसेल. गंमत म्हणजे नालाकृती नाकाची गुहेतली वटवाघळं किडे खात असली तरी जनुकांवरून ती या फळखाऊंच्याच जवळची निघाली, तोंडावरून नातं ओळखायला जाऊ नये ते यासाठीच.
भावाचं बरोबर आहे. मालदीवची ती याच जातीची उपजात, एरिअल. बाकी पाकिस्तान, नेपाळ, भूतान, बांगलादेश, म्यानमार, श्रीलंका, एवढा पसारा आहे.

सुपारीची वाडी:
आमच्याकडे गुहागरला सकाळी पोफळीखाली वाघळांनी चोखून टाकलेल्या सुपाऱ्या सापडतात, वरचं पिकलेलं साल खातात, आतली सुपारी तशीच, आम्ही गोळा करतो. उंडीच्या झाडाच्या बिया पण वाघळं लटकतात त्या झाडाखाली ढिगाने पडतात, सासूबाई त्याचं तेल काढायच्या. लोक नुकसान नुकसान करतात पण हे कोण मोजतं? मला राग येतो तो झाडाखाली फटाके लावणाऱ्यांचा. मादीला वर्षाला एकच पिल्लू होतं, दिवसाढवळ्या दचकून उडाली की पिल्लं खाली पडतात, मी स्वतः उचलून ठेवलंय एक, ओल्या फडक्यात, रात्री आई नाही आली त्याची.

रानवाट:
ताई शंभर टक्के. 1972 च्या वन्यजीव कायद्यात फळखाऊ वटवाघळं उंदरांसोबत उपद्रवी प्राण्यांच्या यादीत होती, 2022 च्या दुरुस्तीत ती यादीच गेली, पण गावात अजून पोचलेलं नाही.

देवगडकर:
खूप आभार दोघांचे. आईला सांगितलं, ती म्हणते मग पाकोळ्यांची आई कुठे? काल सव्वासातला मुलीबरोबर वडाखाली बसून मोजली, पंख पसरले की माणसाच्या दोन्ही हातांएवढी, 140 पर्यंत गेलो आणि मग अंधारात चुकलो. उद्या परत.