‘डोया’ लिहिणारे मूल वाचनात मागे आहे, असे समजावे का?

प्रश्न (प्राथमिक शिक्षिका, नागपूर)

नमस्कार. मी एम.एड.च्या लघुशोधप्रबंधासाठी तिसरीच्या मुलांच्या वाचन-लेखनातील अडचणी हा विषय घेतला आहे. वर्गाला श्रुतलेखन दिले, तेव्हा अपेक्षेपेक्षा कितीतरी अधिक मुले ‘विशेष साहाय्याची गरज’ या गटात गेली. मात्र वह्या पुन्हा चाळल्यावर ‘डोळा’ऐवजी ‘डोया’, ‘काळा’ऐवजी ‘काया’, ‘पाणी’ऐवजी ‘पानी’ असेच शब्द जास्त दिसले, म्हणजे घरी जे बोलतात तेच त्यांनी लिहिले होते. अशा चुका मोजाव्यात की वगळाव्यात, आणि मराठीत प्रमाणित चाचणी कोणती आहे, याविषयी मार्गदर्शन हवे आहे.

उत्तर १ (विशेष शिक्षिका)

ताई, वगळू नका, पण वेगळ्या रकान्यात ठेवा. ‘डोया’ लिहिणारे मूल ‘केयी’ आणि ‘काया’सुद्धा लिहिते. त्याची चूक नियमाने चालते आणि उच्चाराशी जुळते, त्यामुळे ध्वनी व अक्षर यांची सांगड त्याला बसलेली आहे, एवढेच त्यातून सिद्ध होते. ज्या मुलाची काळजी करायची, ते ‘पुस्तक’ हा शब्द एकाच पानावर ‘पुतक’, ‘पुसक’ आणि ‘पुत्सक’ असा तीन प्रकारे लिहिते, काने-मात्रे गाळते आणि जोडाक्षरापाशी अडखळून पुढचा शब्द अंदाजाने म्हणते. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका मी तर मोजतच नाही. त्या आपल्या अर्जांतही असतात.

एक सोपा उपाय सांगते. ‘टमुक’, ‘गिरोप’, ‘सुदेट’ असे निरर्थक शब्द वाचायला द्या, मात्र त्यांत ‘ळ’ आणि ‘ण’ येऊ देऊ नका. अर्थाचा आणि बोलीचा आधार काढून घेतल्यावर मूल अक्षरे खरोखर कशी जोडते, ते तिथे उघड होते. ‘कमल’मधून ‘क’ काढला तर काय उरते, असे तोंडीही विचारा.

प्रमाणित साधनांपैकी मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने तयार केलेले ‘डाली’ (डिस्लेक्सिया, म्हणजे वाचायला-लिहायला शिकण्यातील विशिष्ट अडचण, तपासण्याचे साधन) मराठीतही आहे. त्यातील शिक्षकांनी भरायची चाळणी-पत्रके (प्राथमिक छाननीची) पहिली-दुसरीसाठी वेगळी आणि तिसरी ते पाचवीसाठी वेगळी आहेत. परंतु चाळणी म्हणजे निदान नव्हे, तेव्हा प्रबंधात ‘डिस्लेक्सिया असलेली मुले’ असा शब्दप्रयोग कृपया करू नका.

उत्तर २ (बालमानसशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक)

विशेष शिक्षिकांशी मी सहमत आहे, परंतु त्याही आधी प्रत्येक मुलाची दृष्टी व श्रवण तपासून घ्यावे. बुद्धिमापनासाठी आपल्याकडे अजूनही वापरली जाणारी मॅलिन यांची भारतीय मुलांसाठीची चाचणी १९६९ ची आहे, आणि सामाजिक परिपक्वतेच्या व्हाइनलँड श्रेणीचे त्यांनीच केलेले रूपांतर तर ‘नागपूर रूपांतर’ म्हणूनच ओळखले जाते. आपल्या शहराचा त्यात वाटा आहे, याचा मला अभिमान वाटतो. तरीही इतक्या जुन्या मानकांवर आजच्या मुलाचा बुद्ध्यांक ठरवताना सावध राहावे. या चाचण्या प्रशिक्षित व्यक्तीनेच घ्यायच्या असतात, वर्गशिक्षकाने नव्हे.

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातील २१ प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमता (डिस्लेक्सिया हा तिचाच एक प्रकार) समाविष्ट आहे, आणि २०१८ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांत तिच्या प्रमाणपत्रासाठी किमान वय ८ वर्षे धरले होते. तुमची तिसरीची मुले नेमकी या उंबरठ्यावर आहेत, त्यामुळे निष्कर्षाची भाषा जपून वापरा. पालकांची लेखी संमती घ्याच, शिवाय मुलाला त्याच्या भाषेत समजावून त्याचाही होकार विचारा.

उत्तर ३ (पालक)

मॅडम, मी संशोधक नाही, पण एक विनंती आहे. माझ्या मुलाच्या शाळेत अशीच एक यादी तयार झाली आणि ती वर्गात मोठ्याने वाचली गेली. दुसऱ्या दिवसापासून मित्र त्याला ‘यादीवाला’ म्हणू लागले. पुढे तपासणीत त्याच्या एका कानाला कमी ऐकू येते असे निघाले, तोपर्यंत त्याने वर्गात वाचायचे बंदच केले होते. आपण नावांऐवजी क्रमांक वापरावेत आणि ती वही वर्गात उघडी ठेवू नये.

प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. वही आजच घरी आणली आहे. चुकांचे तीन रकाने करते आणि निरर्थक शब्दांची नवी यादी मार्गदर्शकांना दाखवते. मुलांना पुन्हा बसवायचे मात्र जूनअखेर शाळा उघडल्यावरच, कारण एप्रिलच्या उन्हात आमच्या पत्र्याच्या वर्गात मलाच नीट वाचता येत नाही.