असेंब्ली लाईनवर रोबो येतायत, सुपरवायझरचं पुढे काय होणार?

लास्टिंग_लाईन:

नमस्कार मंडळी. मी शूजच्या असेंब्ली लाईनवर सुपरवायझर आहे, म्हणजे शिलाईतून अप्पर (बुटाचा वरचा भाग) आलं की ते फर्म्यावर (पायाच्या आकाराचा साचा) ओढण्यापासून, म्हणजे लास्टिंगपासून, बफिंग (सोल चिकटणार तिथलं अप्पर चाकाने खरवडणं), प्रायमर (सोल्युशन धरावं म्हणून आधी लावायचा थर), सोल्युशन (चिकटवायचा गोंद), हीटर, सोल बसवणं, प्रेस, चिलर आणि फर्मा काढून फिनिशिंगला देईपर्यंतचा सगळा पट्टा माझ्याकडे. आता मॅनेजमेंटने सांगितलंय की पुढच्या सीझनच्या आधी बफिंगचा एक रोबो आणि सोल्युशन स्प्रे करणारा एक रोबो लागणार, दोघांच्या पुढे थ्रीडी स्कॅनर असणार, तो येणारं प्रत्येक अप्पर बघून सोलची कड कुठपर्यंत येते ती रेष काढणार आणि रोबो त्या रेषेच्या आत काम करणार. टो लास्टिंग आणि हील लास्टिंग, म्हणजे बोटांकडचं आणि टाचेकडचं ओढणं, मशीनवर आधीच आहे, त्यामुळे हातकाम असं उरतं ते याच दोन जागांवर आणि सोल बसवायला.

माणसं कमी होणार हे उघड आहे. मला स्वतःचं कळत नाहीये. माझा निम्मा दिवस जातो तो कोण आलं नाही, त्याच्या जागी कोणाला उभं करायचं, माल कुठे तुंबलाय, तासाचा आकडा किती झाला यात. आता आकडा स्क्रीनवर आपोआप येणार, माणसंच थोडी असणार, मग मी नेमकं काय बघायचं? पीएलसी (मशीन चालवणारा कंट्रोलर) किंवा रोबो प्रोग्रामिंगचा कोर्स करावा का? आणि दुसरं, बफिंगवर ज्या दोन बायका आहेत त्यांचा हात इतका बसलाय की रेषेच्या केसभर आत चाक थांबतं, त्या रोज विचारतात की आमचं काय, त्यांना काय सांगू तेही कळत नाही.

मेंटेनन्सवाला:

भाऊ, आधी कोर्सचं सांगतो. पीएलसीच्या मागे लागू नका, ते काम आमचं आणि मशीन देणाऱ्या कंपनीच्या इंजिनिअरचं, तुम्ही चार महिने शिकलात तरी पासवर्ड तुम्हाला कोणी देणार नाही. तुम्हाला लागतं ते वेगळं. प्रत्येक मॉडेलची, प्रत्येक साईजची, डाव्या-उजव्याची अशी एक सेटिंग रोबोत साठवलेली असते, तिच्यात चाकाचा दाब, वेग, रेषेपासून किती आत थांबायचं, स्प्रे किती सोडायचा हे सगळं. ही सेटिंग वाचता येणं, तिच्यात काय बदललं की पायताणावर काय दिसतं हे समजणं, एवढं आलं की तुमच्याशिवाय लाईन हलत नाही. कारण आम्हाला रोबो कळतो पण बूट कळत नाही, हे मनापासून सांगतोय. अलार्म आला तर आम्ही तो घालवून देऊ, पण अलार्म न येता माल खराब निघत असेल तर आम्हाला ते दिसतच नाही, रोबो आपला मजेत चालू असतो.

अजून एक, सुरुवातीला सगळ्यात जास्त वेळ खातं ते मॉडेल बदलणं. हाताने काम करणाऱ्याला नवीन मॉडेल दिलं तर दोन-चार जोडांत हात बसतो, रोबोला नवीन सेटिंग नीट जुळेपर्यंत लाईन थांबलेली असते. ऑर्डर लहान आणि मॉडेलं भरपूर असतील तर दिवस कसा लावायचा, कुठलं मॉडेल कुठल्या मागे घ्यायचं हे ठरवणारा माणूस सोन्याचा होतो. ते आत्तापासून हातात घ्या.

जुना_फोरमन:

वरच्यांनी बरोबर सांगितलंय, मी त्यात भर घालतो कारण आमच्याकडे ही मशिनं लागून बराच काळ झाला.

आमच्या लाईनवर एकदा असं झालं की सोल उघडायला लागले, सगळे नाही, पुढच्या बोटांच्या वळणावरच, आणि तेही एकाच रंगात. प्रेसचा दाब बरोबर, हीटरचं तापमान बरोबर, सोल्युशनची बॅच तीच जी दुसऱ्या रंगात छान चाललेली, रोबोच्या स्क्रीनवर सगळं हिरवं. दोन दिवस इंजिनिअर लोक सेन्सर तपासत बसले. शेवटी कशामुळे लक्षात आलं तर एका जुन्या बफिंगवाल्याने चामडं बोटांत धरून चोळलं आणि म्हणाला हे तेलकट आहे, आधीच्या लॉटसारखं नाही. बरोबर होतं, नवीन लॉटमध्ये चरबीचं प्रमाण जास्त होतं, रोबो ठरल्या दाबाने ठरलं तेवढंच खरवडत होता, वरचा गुळगुळीत थर पूर्ण निघतच नव्हता आणि खाली तेलकट, मग सोल्युशन धरणार कुठे. हाताने काम करणारा माणूस असता तर चाकाखाली वेगळं लागतंय हे त्याला पहिल्या पाच जोडांत कळलं असतं, त्याने न सांगता दाब वाढवला असता, आणि आपल्याला कधी कळलंही नसतं की काही अडचण होती.

हा शेवटचा मुद्दा नीट लक्षात घ्या. आत्तापर्यंत लाईनवरची माणसं शेकडो छोट्या चुका आपल्यापर्यंत येऊच देत नव्हती. चामडं जाड-पातळ आलं, अप्पर थोडं वाकडं शिवलं, सोल मोल्डिंगमधून किंचित आखडलेला आला, ते सगळं हातात जिरत होतं. रोबो आला की हे जिरणं बंद होतं आणि मागच्या डिपार्टमेंटचा प्रत्येक फरक तुमच्या लाईनवर उघडा पडतो. म्हणून सुपरवायझरचं काम मागे सरकतं, लाईनच्या तोंडाशी. कटिंगमधून काय येतंय, शिलाईत टाके कुठे ओढले गेलेत, सोलच्या पेट्या कुठल्या लॉटच्या, गोडाऊनमध्ये सोल्युशन किती दिवस पडून आहे हे आधी बघायचं, नंतर लाईन.

आणि चिकटण्याचं शास्त्र मनापासून शिका. कुठल्या सोलला काय लागतं हे पाठ पाहिजे, ईव्हीएला (हलका फोम) यूव्हीचं, म्हणजे अतिनील दिव्याखालचं प्रायमर, रबर आणि टीपीआरला (रबरासारखं प्लास्टिक) हॅलोजनेशन (क्लोरीनवालं रसायन लावणं), पीयूवर (पॉलीयुरेथेन) साच्यातलं रिलीज एजंट (सोल साच्यातून सुटावा म्हणून मारलेलं) राहिलेलं असतं ते पुसल्याशिवाय पुढे जायचंच नाही. सोल्युशन लावलं की ते आधी सुकू द्यायचं, मग हीटरखाली परत जागं करायचं, आणि जागं झाल्यावर सोल लगेच बसवून लगेच प्रेसला, मध्ये कोणी गप्पा मारत थांबला की वरून छान दिसतं आणि घालणाऱ्याच्या पायात उघडतं. तापमान नेहमी सोल्युशनच्या थरावर मोजायचं, हीटरच्या डिस्प्लेवरचा आकडा बघून समाधान मानायचं नाही, काळं आणि पांढरं अप्पर एकाच हीटरखाली सारखं तापत नाही. हे ज्याला येतं त्याला रोबोची भीती नको.

शिलाई_विभाग:

मला हा सूर थोडा जास्तच दिलासा देणारा वाटतोय म्हणून लिहिते. मी शिलाईकडे सुपरवायझर आहे आणि आमच्याकडे रोबो येऊन माणसाच्या जागी बसला असं फारसं झालंच नाही, झालं ते वेगळंच, कामच नाहीसं झालं. २०१२ साली नायकीने फ्लायनिट आणलं, अप्पर सरळ मशीनवर विणून निघतं, त्यामुळे आधी जे पाच-दहा तुकडे कापून, कडा पातळ करून, एकावर एक ठेवून शिवायचे त्यातले बहुतेक गेले. तुकडेच नाहीत तर शिवणार काय. आणि २०२४ मध्ये ऑन या स्विस कंपनीने तर रोबोच्या हाताने फर्म्यावर धागा फवारून अप्पर बनवलं, जवळपास दीड किलोमीटर धागा, तीन मिनिटांच्या आसपास एक अप्पर, नाडी नाही, शिलाई नाही. केनियाच्या हेलन ओबिरीने त्या वर्षीची महिलांची बॉस्टन मॅरेथॉन तसलेच बूट घालून जिंकली.

म्हणजे धोका कुठून येतो ते बघा. तुम्ही लाईनवर उभं राहून रोबोकडे बघताय, पण तुमचं स्टेशन राहणार की जाणार हे डिझाईनच्या टेबलावर ठरतं. जिथे अप्पर फर्म्यावरच तयार होतं तिथे टो लास्टिंगच लागत नाही. म्हणून माझं म्हणणं, सॅम्पल रूममध्ये जाणं-येणं ठेवा. नवीन मॉडेल येतं तेव्हा त्यात किती ऑपरेशन आहेत हे सुपरवायझरने पहिल्यांदा बघितलं पाहिजे, लाईनवर माल उतरल्यावर नाही. लेदरचे फॉर्मल, सेफ्टी शूज, वेल्ट वाले (कडेच्या पट्टीला सोल शिवलेले) बूट इथे हे सगळं इतक्या लवकर येणार नाही हे मला मान्य आहे, पण स्पोर्ट्स शूजवाल्यांनी झोपून राहू नये.

इतिहासवेडा:

ताईंचं पटतंय पण दुसरी बाजूही घडून गेलेली आहे. आदिदासने जर्मनीत आन्सबाखला आणि अमेरिकेत अटलांटाला स्पीडफॅक्टरी काढल्या होत्या, सगळीकडे गाजावाजा की आता बूट रोबो बनवणार आणि आशियातली कामं परत जाणार. नोव्हेंबर २०१९ मध्ये कंपनीने स्वतःच जाहीर केलं की दोन्ही बंद करणार, आणि ते तंत्र चीन-व्हिएतनाममधल्या सप्लायरकडे नेणार. स्पीडफॅक्टरीत ठरावीक प्रकारचे रनिंग शूज व्हायचे, सगळी मॉडेलं नाही. बुटात मऊ, ताणणाऱ्या, दर वेळी वेगळ्या वागणाऱ्या गोष्टी एकमेकींवर चढवायच्या असतात, मोटारीच्या दारासारखा कडक पत्रा नसतो तो.

आणि लास्टिंगचंच म्हणाल तर ही चर्चा जवळजवळ दीडशे वर्षं जुनी आहे. १८८३ मध्ये यान मात्सेलिगर नावाच्या, मूळच्या सुरिनामच्या, अमेरिकेतल्या लिन गावी बुटाच्या कारखान्यात काम करणाऱ्या माणसाने लास्टिंग मशीनचं पेटंट घेतलं. त्याआधी हाताने लास्टिंग करणारा चांगला कारागीर दिवसाला पन्नासेक जोड काढायचा, मशीन दीडशेपासून सातशेपर्यंत. ते कारागीर त्या काळी सगळ्यात भाव खाणारे होते कारण त्यांच्याशिवाय कारखाना पुढे जात नव्हता, त्यांना खात्री होती की हे काम मशीनला जमणारच नाही. त्यांची ती मक्तेदारी गेली, बूट स्वस्त झाले, कारखाने वाढले. पण ज्या माणसाचा हात गेला तोच माणूस नवीन कामावर लागला असं आपोआप होत नाही, हे मात्र विसरू नये.

क्वालिटी_ताई:

बफिंगवरच्या त्या दोघींबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून मी लिहिते.

त्यांना खोटं सांगू नका की काही होणार नाही. आणि आजच मॅनेजमेंटकडे जाऊन एकच मागणी करा, की स्कॅनर आणि रोबोच्या सेलवर (त्यांच्या बंदिस्त जागेवर) ऑपरेटर म्हणून पहिलं ट्रेनिंग या दोघींना मिळावं, बाहेरून कोणी नवीन पोरगा आणायच्या आधी. भावनेचा भाग आहेच पण त्यापलीकडे यात कंपनीचा फायदा आहे, तो आकड्यात मांडा. रोबोने केलेलं बफिंग बरोबर की चूक हे नजरेने एका क्षणात सांगणारी माणसं तुमच्याकडे या दोघीच आहेत. कमी खरवडलं तर सोल उघडतो, रेषेबाहेर गेलं तर सोलच्या कडेच्या वर, अप्परवर पांढरट ओरखडा दिसतो आणि जोड थेट बाद, हा फरक स्क्रीन शिकवत नाही. रोबो लागायच्या आधी त्यांच्याकडून एकेका मॉडेलचं लिहून घ्या, कुठे दाब कमी, कुठे चाक तिरकं, कुठलं चामडं कसं, आणि त्या कागदावर त्यांची नावं असू द्या.

सोल्युशनच्या स्प्रेचं मात्र मी स्वागत करते. ब्रशने दिवसभर सोल्युशन लावणाऱ्यांच्या नाकातोंडात काय जातं ते आपण सगळे बघतो. एन-हेक्सेन असलेल्या सोल्युशनमुळे चपला-बूट बनवणाऱ्यांच्या हातापायाच्या नसा अधू झाल्याचं वैद्यकीय अभ्यासांतून कधीच सिद्ध झालंय. बंद सेलमध्ये स्प्रे होणार आणि वाफ बाहेर खेचली जाणार असेल तर ती जागा मशीनकडे गेलेली चांगलीच, फक्त तिथल्या माणसाला दुसरी जागा मिळाली पाहिजे. आणि सेलचा एक्झॉस्ट रोज चालू आहे की नाही, फिल्टर बदलला की नाही हे बघणं तुमच्याच यादीत येणार, ते दुसऱ्यावर ढकलू नका.

लास्टिंग_लाईन:

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं नीट कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं. ताई, ट्रेनिंगचं मी उद्याच बोलतो, दोघींना सोबत घेऊनच जातो. फोरमन साहेब, एक विचारायचं होतं, मशीनची ट्रायल आमच्याकडे होणार आहे, त्यात मी काय धरून बसू? मशीनवाले आपलं सोपं मॉडेल लावून मोकळे होतील असं वाटतंय.

जुना_फोरमन:

तेच करतात ते, मधली साईज, फिक्या रंगाचं मॅट अप्पर आणि नवीन कोरं चाक. तुम्ही उलटं मागा. सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठी साईज, काळं चकचकीत चामडं कारण स्कॅनरला तेच जड जातं, दोन वेगवेगळ्या लॉटचं लेदर, आणि चाक अर्ध्याहून जास्त झिजल्यावरचा माल. मॉडेल बदलायला लागणारा वेळ घड्याळ लावून लिहा, शेवटचा चांगला जोड ते नवीन मॉडेलचा पहिला चांगला जोड असा पूर्ण, मशीनवाले फक्त प्रोग्राम लोड व्हायचा वेळ सांगतील. सोल ओढून बघायची टेस्ट त्याच दिवशी करू नका, सोल्युशन पूर्ण पक्कं व्हायला निदान एक दिवस द्या, आणि टाच, बाजू आणि बोटांचं वळण तिन्ही ठिकाणी ओढा, वळणावर पास झालं तर बाकीचं बहुधा होतंच. आणि ट्रायलच्या रिपोर्टवर सही करणाऱ्यांत तुमचं नाव पाहिजे, ते आधीच ठरवून घ्या, कारण सहा महिन्यांनी रिजेक्शन वाढलं तर पहिला फोन तुम्हालाच येणार आहे.

मेंटेनन्सवाला:

झिजलेल्या चाकाचं लाख बोललात. चाक किती जोडांनंतर बदलायचं ते ट्रायलमध्येच लिहून घ्या, नाहीतर पुढे त्यावरून तुमची आणि आमची रोज भांडणं.